बर्फावरून आलेला पाव

आमचे मामू ट्रक चालवायचे. थंडीच्या दिवसांत पहाटे घाटाला लागण्याआधी ते टायर, पाणी, ब्रेक, दिवे सगळं स्वतः बघत. "बिस्मिल्ला म्हणायचं बेटा, पण टायर बघून म्हणायचं," हे त्यांचं वाक्य. बर्फ त्यांनी कधी पाहिला नाही. पण थंडीतल्या गाडीचा विषय निघाला, की मला मामू आठवतात आणि पाठोपाठ लादोगा सरोवर आठवतं.

सप्टेंबर १९४१. जर्मन फौजांनी लेनिनग्राद, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग, वेढलं. जमिनीवरचे रस्ते तुटले. २० नोव्हेंबरपासून तिथल्या लहान मुलांच्या वाट्याला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येऊ लागला. तोही भेसळीच्या पिठाचा. उरला होता तो फक्त लादोगा सरोवराचा मार्ग, आणि ते गोठू लागलं होतं.

आधी घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या. २२ नोव्हेंबरला पहिले ट्रक बर्फावर उतरले. साधे दीड टनी ट्रक. बर्फ पातळ, म्हणून सुरुवातीला माल अगदी थोडा भरायचा आणि दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेवायचं. पलीकडचा काठ सुमारे तीस किलोमीटरवर. ड्रायव्हर केबिनचं दार उघडं ठेवून गाडी हाकत. हाडं गोठवणारा वारा आत येई, पण बर्फ फुटलाच तर उडी मारता आली पाहिजे. डुलकी लागू नये म्हणून काही जण डोक्यामागे पत्र्याचं भांडं टांगत. मान कलली, की भांडं खणखणे.

रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि लोखंडालाही तडा देतं. त्यामुळे थंडीत गाडी सांभाळणं हे चालवण्याइतकंच मोठं काम होतं.

एक कोडं मात्र शास्त्रज्ञांनी सोडवलं. जड ट्रक सुखरूप जाई आणि हलका बुडे, असंही घडत होतं. धावत्या गाडीच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळला, की बर्फ जास्त वाकतो आणि फुटतो. लादोगावर हा घातक वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास निघाला. मग तो टाळण्याचा नियम झाला.

२५ डिसेंबरला पावाचा वाटा वाढला. १२५ चे २०० ग्रॅम झाले. वसंतात बर्फ वितळू लागला, तरी २४ एप्रिल १९४२ पर्यंत ट्रक पाण्यातून वाट काढत होते. त्या हिवाळ्यात साडेतीन लाख टनांहून अधिक माल शहराकडे आला आणि पाच लाखांहून अधिक माणसं बाहेर निघाली. तरीही लाखो लोक उपासमारीने गेले. कित्येक ट्रक सरोवराच्या तळाशी गेले.

तेव्हा शहरात रेडिओवरून ओल्गा बेर्गोल्ट्स ही कवयित्री लोकांशी बोलत असे. कार्यक्रम नसला, की मेट्रोनोमचे ठोके ऐकू येत. शहर जिवंत आहे, एवढंच ते सांगत.

लोकांनी त्या वाटेला 'जीवनाचा रस्ता' म्हटलं. मला वाटतं, तो रस्ता धाडसावर जेवढा चालला, तेवढाच नियमांवर चालला. किती माल भरायचा, किती अंतर सोडायचं, कोणता वेग टाळायचा. सावधपणाला आपण अनेकदा भित्रेपणा समजतो. लादोगावर त्याच सावधपणातून एखाद्या लेकराच्या तळहातावर ७५ ग्रॅम पाव जास्त पडला.

मामूंना हे ठाऊक नव्हतं. पण टायर बघून बिस्मिल्ला म्हणणाऱ्या त्या माणसाला ते पटलं असतं.