मास्तर होण्याची आडवाट

कोरेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला भीमा कोरेगावच आठवते. मी म्हणतो आहे ते सातारा-पंढरपूर रस्त्यावरचे, पुणे-मिरज रेल्वेमार्गावर स्टेशन असलेले तालुक्याचे गाव. याच तालुक्यात रहिमतपूर आहे आणि तिथे रणदुल्लाखानाच्या नावाने ओळखली जाणारी कबर व मशीद आहे. या भागातल्या मुसलमान घरांत आजोबा-पणजोबांच्या शिक्षणाची गोष्ट निघाली, की एक शब्द अभिमानाने उच्चारला जातो, 'फायनल'. आजोबा फायनल पास होते, म्हणजे घराण्यात विद्या आली होती.

सातवीच्या शेवटी होणारी व्हर्नाक्युलर फायनल ही इंग्रजी अमदानीत खेड्यातल्या मुलाच्या दृष्टीने मोठीच परीक्षा. ती पास होणाऱ्याला तलाठी होता येई, नाहीतर मास्तर. मास्तर होण्यासाठी आधी ट्रेनिंग घेतलेच पाहिजे असे नव्हते. पोरगा फायनल झाला की शाळेवर लागे आणि 'अनट्रेन्ड' या शिक्क्यासह शिकवू लागे. पुढे कधी नंबर लागला, तर ट्रेनिंग कॉलेजला जाऊन वर्ष-दोन वर्षांचा अभ्यास करायचा आणि 'ट्रेन्ड' होऊन परत यायचे. आधी वर्ग आणि मग सनद असा हा उलटा क्रम होता. आपल्या भागातल्या बहुजनांचा आणि मुसलमानांचा शिक्षकी पेशातला शिरकाव मुख्यतः याच उलट्या क्रमाने झाला, असे माझे मत आहे. राजरस्त्यावर उभे राहायला जे लागते, म्हणजे शहरातला मुक्काम, फी आणि दोन वर्षे कमाई न करता बसण्याची ऐपत, ते यांच्यापाशी नव्हते.

महात्मा फुल्यांनी हे फार लवकर ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, असा आग्रह धरला. प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा, खालच्या थरांत सहज मिसळणारा मास्तर त्यांना हवा होता. अशा शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच कमिशनने मुसलमानांच्या शिक्षणासंबंधी स्वतंत्र शिफारशी केल्या, आणि मुसलमान शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल किंवा वर्ग काढावेत, ही त्यांतलीच एक. पण ती होती जिथे गरज असेल, तिथल्यासाठी. घराघरांत दखनी आणि बाजारात मराठी बोलणारा, दहा-वीस उंबऱ्यांचा आपला मोहल्ला त्या हिशेबात बसणारा नव्हता. आपल्या मुलाला मराठी शाळेतून मराठी फायनलच द्यावी लागली. हे नुकसान होते असे मी म्हणणार नाही. मराठीत लिहिणारा मुसलमान याच शाळांतून निघाला.

फातिमा शेख यांचे नाव इथे टाळता येत नाही. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यातून, जोतिरावांना पत्र लिहिले. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. एका शिक्षिकेने दुसरीच्या कामाला दिलेला हा दाखला मला कोणत्याही छापील सनदेहून मोलाचा वाटतो.

सातारा जिल्ह्यात या आडवाटेचा रस्ता केला तो कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला आले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, जेवतील असे वसतिगृह ही संस्थेची ओळख. पण भाऊरावांच्या लक्षात आले की बोर्डिंग कितीही वाढवले तरी खेडे शिकणार नाही. खेड्यात शाळा हवी आणि शाळेला मास्तर हवा. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. नाव पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे आणि काम खेड्यातल्या पोरांना मास्तर करण्याचे! भाऊरावांची ही व्यवहारबुद्धी मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे. पुढे १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, व्हॉलंटरी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले, आणि जिथे लोकल बोर्डाची शाळा पोचली नव्हती, अशा वाड्यावस्त्यांवर रयतच्या शाळा उघडत गेल्या. त्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली. गावाने जागा द्यायची आणि संस्थेने मास्तर. पगार तुटपुंजा आणि वर्ग कधी देवळात, कधी झाडाखाली. मास्तर बहुतेक फायनल झालेला, वीस-बावीस वर्षांचा, स्वतःच नुकता शाळेतून बाहेर पडलेला.

या मुलांना आधी ट्रेनिंग पुरे करा, मग शाळेवर जा, असे सांगितले असते तर त्या शाळा उघडल्याच नसत्या. पण त्यांना कायम अनट्रेन्ड ठेवूनही भाऊराव थांबले नाहीत. तोच मुलगा पाळीपाळीने साताऱ्याच्या कॉलेजात यावा आणि शिकवण्याचे शास्त्र शिकून परत जावा, अशी ती साखळी होती. स्वातंत्र्यानंतर या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या. माध्यमिक शाळांसाठी शिक्षक हवेत म्हणून संस्थेने १९५५ मध्ये साताऱ्यात बी.एड.चे कॉलेज काढले आणि त्याला नाव दिले मौलाना आझादांचे. आझाद तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते आणि त्यांनी स्वतः कोणत्याही विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. त्यांचे सारे शिक्षण घरी झालेले.

पुढची कथा लवकर सांगण्याजोगी आहे. फायनल गेली, पी.टी.सी. गेली, डी.एड. आले. २००० च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा निघाल्या आणि जुनीच साखळी नव्या नावाने आली. गावातलाच बारावी झालेला तरुण किंवा तरुणी, नाममात्र मानधन, आणि शिकवता शिकवता पत्राद्वारे डी.एड. फरक इतकाच, की इथे साखळीच्या दुसऱ्या टोकाला भाऊराव नव्हते. या शिक्षकांना मोर्चे काढावे लागले, आणि नियमित सेवा मिळायला २०१४ साल उजाडले. खेड्याची गरज भागवायला आडवाट चालते, पगार द्यायची वेळ आली की मात्र राजरस्ता आठवतो, हा सरकारचा जुना स्वभाव आहे.

शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून दार आणखी अरुंद केले. राज्यात पहिली टी.ई.टी. २०१३ मध्ये झाली. सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने १८ महिन्यांचा डी.एल.एड. अभ्यासक्रम चालवला. मग १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या खटल्यात महाराष्ट्र सरकारविरुद्ध उभी होती अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट ही संस्था. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टी.ई.टी. पास व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी, असे न्यायालयाने सांगितले. पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू होते की नाही, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्याची शिफारस झाली.

निकालानंतर अनेक शिक्षकांच्या टेबलावर टी.ई.टी.ची गाईडे आली. वीस-बावीस वर्षे पाढे शिकवलेला माणूस संध्याकाळी बालमानसशास्त्राचे पर्याय घोकतो आहे. शेजारी त्याचीच मुलगी त्याच परीक्षेचा अभ्यास करते आहे, आणि अडलेला प्रश्न तो तिलाच विचारतो.