‘म्यूझेशस’ : केळीच्या एका विशेषणाचे मूळ

इंग्रजी वनस्पतिशास्त्रात ‘म्यूझेशस’ असे एक विशेषण क्वचित आढळते. अर्थ साधा आहे : केळीच्या कुळातील. केळीच्या ‘म्यूसा’ या लॅटिन नावाला ‘त्या जातीचे’ अशा अर्थाचा प्रत्यय लागून ते सिद्ध झाले. तापीकाठच्या केळीच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या बुऱ्हाणपूरकर घरांना हा शब्द परका वाटेल. पण त्याचे मूळ परके नसावे.

पुष्कळ पुस्तके सांगतात, की लिनियसने हे नाव रोमन सम्राट ऑगस्टसचा वैद्य अँटोनियस म्यूसा याच्या सन्मानार्थ ठेवले. या वैद्याने इ. स. पूर्व २३ मध्ये थंड पाण्याच्या उपचारांनी सम्राटाला बरे केले, हे खरे. परंतु अरबी ‘मौझ’वरून आलेला ‘म्यूसा’ हा शब्द लॅटिन ग्रंथांत लिनियसच्या कितीतरी आधीपासून केळीसाठीच रुळलेला होता. १७३६ साली हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्डच्या काचघरात फुललेल्या केळीवर लिनियसने पुस्तक लिहिले, १७५३ मध्ये ‘म्यूसा पॅराडिसियाका’ हे नाव छापले, तेव्हा हाती होता तो हाच जुना शब्द. वैद्यराजांचा मान आम्हांस तरी मागाहून चिकटवलेला वाटतो.

आता ‘मौझ’ कोठून आला? अनेक अभ्यासक त्याचा संबंध संस्कृत ‘मोचा’शी जोडतात. अमरकोशात कदलीच्या पर्यायांत ‘मोचा’ आहे आणि बंगालीत आजही केळफुलाला ‘मोचा’च म्हणतात. व्यापाराबरोबर फळ पश्चिमेकडे गेले, तसे नावही गेले असावे. मराठीने मात्र दुसरी वाट धरली : ‘कदली’पासून ‘केळ’.

संस्कृत आणि अरबी यांचा शेजार आपल्या गावास नवा नाही. राजा अली खान फारुकी याच्या काळातील, १५९० च्या सुमाराच्या जामा मशिदीत दोन्ही भाषांतील शिलालेख आहेत. अर्थात ‘मोचा’चा प्रवास या शहराहून फार जुना, तो येथून झाला असे कोणी समजू नये.

मराठी परिभाषेत केळीच्या या कुळाला ‘कदली कुल’ म्हणतात. नाव सुबोध आहे, तक्रार नाही. तरीही ‘मोचा कुल’ म्हटले असते, तर अरबस्तान आणि युरोप हिंडून आलेला शब्द घरी परतला असता, असे आम्हांस वाटते.