भाकर म्हणायचं, पण ज्वारीची चालत नाही

मागच्या भागानंतर खांडबाऱ्याहून एक व्हॉइस मेसेज आला. खांडबारा म्हणजे सुरत-भुसावळ लाइनवरचं, नवापूर तालुक्यातलं गाव. मेसेज पाठवणाऱ्या ताई कॅथलिक आहेत. म्हणाल्या, "दादा, आमच्या घरी ज्वारीची नाहीतर नागलीची भाकर. प्रार्थनेतसुद्धा आम्ही देवाकडे रोजची भाकरच मागतो. मग मिस्सामध्ये फादर देतात ती गव्हाचीच का? सासूबाईंनी विचारलं, मला काही सांगता आलं नाही."

खरं सांगतो, मलाही लगेच सांगता आलं नसतं. म्हणून आजचा भाग.

आधी शब्द बघा. मराठी बायबलमध्ये येशू हातात घेतो ती 'भाकर'. आपल्या बोलण्यात भाकर असते ज्वारीची, बाजरीची, नागलीची, तांदळाची. गव्हाची झाली की ती पोळी, चपाती. म्हणजे भाषांतरकारांनी शब्द उचलला कष्टकऱ्याच्या ताटातला, आणि वेदीवर नेमकी तीच भाकर चालत नाही! नियम स्पष्ट आहे. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेतलं 924 वं कलम सांगतं की भाकर निव्वळ गव्हाची हवी, आणि ताजी हवी. दुसऱ्या धान्याची असेल तर तो संस्कार झालाच नाही असं धरतात.

मग शेवटच्या भोजनाला येशूने गहूच खाल्ला होता का? शुभवर्तमानात तसं कुठेच लिहिलेलं नाही. नुसतं 'भाकर' म्हटलंय. ते भोजन वल्हांडण सणाच्या दिवसांतलं. त्या मुलखात सणाच्या सुमारास आधी जव पिकतो, गहू नंतर. ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथात सणाच्या बेखमीर भाकरीला पाच धान्यं चालतात, आणि त्यात जव आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार लोक जेवतात, तेही जवाच्या पाच भाकरींवर. तेव्हा "येशूने गहू वापरला म्हणून गहू" हे उत्तर माझ्या मते फार टिकत नाही.

खरं उत्तर रोमन जगाच्या स्वयंपाकघरात सापडतं. तिथे गहू म्हणजे मानाचं अन्न आणि जव गरिबाचं, जनावराचं. रोमन सैन्यात तर शिक्षा म्हणून गव्हाऐवजी जवाचं रेशन देत! अशा जगात 'भाकर' म्हटलं की गव्हाचीच डोळ्यासमोर येणार. त्यात योहानाच्या बाराव्या अध्यायात येशू स्वतःला जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याची उपमा देतो. सवय होती, तिला अर्थ मिळाला.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी ही सवय तर्काने पक्की केली. आणि गंमत बघा, खांडबाऱ्याच्या सासूबाईंचा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडलाय: गहू सगळ्या देशांत पिकत नाही, मग? त्यांचं उत्तर असं की संस्कारापुरता गहू कुठेही सहज नेता येतो. पुढे 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने गव्हाची भाकर हेच या संस्काराचं द्रव्य, असं लेखी नोंदवलं.

नेता येतो हे खरंच आहे. पीठ आणि पाणी, बस. मीठ नाही, खमीर नाही. ते पातळ मिश्रण दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजायचं, थोडं ओलावून गोल चकत्या कापायच्या. कागदासारख्या पातळ. मूठभर पिठात गावाचं भागतं. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले तेव्हा भोवती सगळी भातशेती होती, तरी वेदीवर तांदूळ चढला नाही.

पण "नेता येतो" हे नेणाऱ्याचं उत्तर झालं. ज्याच्या दारात दुसरं धान्य पिकतं त्याचं काय? सातपुडा-डांग पट्ट्यातल्या आदिवासी परंपरेत कणसरी ही धान्याची देवी आहे. तिथे धान्य देवाला वाहायची वस्तू नसते, धान्यच देव असतो. अशा घरातून आलेल्या बाईला "तुझं धान्य इथे चालणार नाही" हे ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. कॅमेरूनचे धर्मपंडित जाँ-मार्क एला यांनी हाच सवाल केला होता: आफ्रिकेच्या बाजरी पिकवणाऱ्या गावांनी परक्या गव्हावर का अवलंबून राहायचं?

रोम अगदीच हललं नाही असं नाही. 1969 मध्ये भारतासाठी बारा बदल मंजूर झाले. मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, आरती, समई, फादरच्या अंगावर शाल. पण त्या बारांत भाकरीचं धान्य नव्हतं. 2017 मध्ये कार्डिनल रॉबर्ट सारा यांच्या पत्राने पुन्हा सांगितलं: ग्लुटेन कमी केलेला गहू चालेल, ग्लुटेन अजिबात नसलेली भाकर नाही. ज्यांना तेवढंही सोसत नाही त्यांनी फक्त द्राक्षरस घ्यावा.

चर्चची बाजूही सांगतो. पॅरिस असो की नवापूर, वेदीवर एकच भाकर, म्हणजे सगळे एकाच पंगतीला. हे मला पटतं. फक्त त्या पंगतीचा वाढपी नेहमी एकाच गावचा, हे खटकतं.

ताईंना एवढं कळवलं. त्यांनी परत विचारलं, "मग ज्वारीचं कणीस नेलं तर?" नेता येतं. अर्पणाच्या वेळी लोक भाकर आणि द्राक्षरसासोबत गोरगरिबांसाठी, चर्चसाठी आणलेलं दानही पुढे नेतात. त्यात कणीस चालेल, नागलीची पाटी चालेल. ती वेदीपासून जरा बाजूला ठेवतात.