इंजिनाचा घसा किती रुंद असावा?

चुलीत जाळ धरेना म्हणजे घरातली माणसे फुंकणी घेतात. फुंकणीऐवजी कुणी जाडजूड बांबू तोंडाला लावला तर काय होईल? छातीतला वारा तोच, पण तो मंद निघेल आणि घरभर धूर होईल. बरे, काडीएवढी नळी घेतली तर? वारा जोरात जाईल, पण पुरणार नाही. मोटारीच्या इंजिनाने हवा कशी घ्यावी, हा प्रश्न असाच आहे.

ज्या झडपेने इंजिनाचा वेग आवरतात तिला इंग्रजीत थ्रॉटल म्हणतात. हा शब्दच मुळी घशावरून आलेला. जेम्स वॅटने १७८८ साली फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक वाफेच्या इंजिनाला जोडला, तो अशीच झडप उघडझाप करी. पुढे १७९७ मध्ये व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. १८९३ मध्ये जर्मनीत मायबाखने हवेच्या प्रवाहात पेट्रोलची बारीक तोटी बसवली. हवा धावली की पेट्रोल आपोआप ओढले जाऊन त्याचा फवारा उडे. हाच कार्ब्युरेटर.

आता अडचण पहा. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी फियाट ११०० गाडी तयार होई. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. असे इंजिन दर दोन फेऱ्यांना फार तर तेवढी हवा घेणार. म्हणजे झडप पूर्ण उघडी असता मिनिटाला १००० फेऱ्यांना सुमारे ५४५ लिटर, आणि ४००० फेऱ्यांना चौपट, २१७८ लिटर! घसा एकच, भूक मात्र चौपट. घसा रुंद ठेवला तर हळू चालताना हवा रेंगाळते, फवारा नीट उडत नाही, गाडी गचके खाते. अरुंद ठेवला तर वेगात इंजिन गुदमरते.

इंग्लंडात स्किनर बंधूंनी १९०५ च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांच्या कार्ब्युरेटरात हवेची ओढ वाढली की एक दट्ट्या वर उचलला जाई आणि घसा आपोआप रुंद होई. पहिल्या नमुन्यांत त्यासाठी चामड्याचा भाता होता! घसा भुकेप्रमाणे बदलू लागला.

आजच्या गाड्यांत पेट्रोल पिचकारीने सोडतात आणि त्याचे माप इलेक्ट्रॉनिक यंत्र ठरवते. मग आता घसा हवा तेवढा मोठा करावा? नाही. व्यास ४० मिलिमीटरचा ५० केला तर वाट दीडपटीहून अधिक मोठी होते. पाय जरासा दाबला की भसकन् हवा आत शिरते, आणि गाडी हाताळणे कठीण होते. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून जरूर सोडवून घ्यावे.

घसा मुद्दाम आवळल्याचेही उदाहरण आहे. ३ मे १९८७ रोजी अमेरिकेत टॅलाडेगाच्या शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगात असताना उधळली आणि तिने प्रेक्षकांपुढचे कुंपण फाडले. काही प्रेक्षक जखमी झाले. १९८८ पासून तिथे आणि डेटोनाला इंजिनाच्या घशात भोकांची पट्टी बसवणे सक्तीचे झाले. इंजिन तेच, पण वारा कमी म्हणून वेग कमी. माणसांचे जीव वाचवण्यासाठी घसा आवळावा लागला.

तेव्हा उद्या कुणी तुम्हाला म्हणाला, “मोठा घसा बसवा, जोर वाढेल,” तर त्याला दोनच प्रश्न विचारा. इंजिनाचे पोट केवढे? आणि माझी गाडी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते? बैलगाडीच्या चाकोरीतून आणि बाजाराच्या गर्दीतून जाणाऱ्या गाडीला शर्यतीच्या गाडीचा घसा काय कामाचा? पोट पाहून घास घ्यावा, हे माणसाला लागू, तसेच इंजिनालाही.