विजेरीच्या उजेडातला लाल

साडी घेताना दुकानातून उठून दारापर्यंत जायचे आणि पदर दिवसाच्या उजेडात धरून पाहायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दुकानदारही त्याला हरकत घेत नाही. उलट "बाहेर नेऊन बघा" असे तोच सांगतो. या रीतीत चांगले भौतिकशास्त्र दडलेले आहे. वस्तूला स्वतःचा रंग असतो असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात वस्तू तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग तेवढा परत पाठवते. जो रंग तिच्यावर पडलाच नाही, तो ती परत कोठून पाठवणार? साडीच्या बाबतीत आपण ही काळजी घेतो, पण विजेरी घेताना हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. तो न येण्याला कारण आहे आणि ते विजेरीच्या इतिहासात सापडते.

विजेरी शक्य झाली ती कोरड्या घटामुळे. फ्रान्समध्ये जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये तयार केलेला घट ओला होता. बरणीतले नवसागराचे द्रावण सांभाळत अंधारात हिंडणे कोणाला जमणार? जर्मनीतील कार्ल गासनर याने द्रावणात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून त्याचा लगदा केला आणि जस्ताच्या डब्यालाच ऋण अग्र बनवले. त्याने १८८६ मध्ये पेटंट घेतलेला हा घट आडवा करा, उलटा करा, सांडत नसे. पुढची पायरी अमेरिकेत पडली. डेव्हिड मिसेल याला १० जानेवारी १८९९ रोजी एका विद्युत साधनाचे पेटंट मिळाले. नळीत एकामागे एक घट, टोकाला छोटा दिवा आणि त्यामागे परावर्तक, अशी त्याची रचना होती. आजची विजेरीही याहून फार वेगळी नाही. हे पेटंट कॉनरॅड ह्यूबर्ट याच्या कंपनीकडे गेले. ह्यूबर्ट हा रशियन साम्राज्यातून न्यूयॉर्कला आलेला निर्वासित. त्याने काही विजेऱ्या तेथील पोलिसांना वापरायला दिल्या आणि त्यांच्या पसंतीचा जाहिरातीसाठी उपयोग करून घेतला. त्या काळचे घट दुबळे आणि दिव्यातला कार्बनचा तंतू वीज खाणारा, त्यामुळे उजेड क्षणभर पाडायचा आणि कळ सोडायची, असाच वापर होई. अमेरिकेत विजेरीला 'फ्लॅशलाइट' म्हणतात ते यामुळेच. १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार ओढण्याची युक्ती साधली आणि मग विजेरी सलग जळू लागली.

ह्यूबर्टच्या कंपनीचे 'एव्हर रेडी' हे नाव पुढे 'एव्हरेडी' होऊन आपल्या खेड्यापाड्यांत पोचले. १९१७ पासून ही कंपनी युनियन कार्बाइडच्या छत्राखाली होती. ज्या कारखानदारीने लाखो भारतीय घरांना रात्रीचा उजेड पुरवला, तिचेच नाव १९८४ मध्ये भोपाळला जोडले गेले, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे विजेरीला सरसकट 'बॅटरी' म्हणत. चुकून कळ दाबली जाऊ नये म्हणून प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवायचा, उतरलेले सेल उन्हात तापवून आणखी दोन रात्री ओढायच्या, हे प्रयोग अनेक घरांत झाले आहेत.

आता रंगाकडे वळू. सूर्य, समई, कंदील आणि तंतूचा दिवा यांत एक साम्य आहे. हे सर्व तापल्यामुळे प्रकाश देतात. कंदिलाच्या ज्योतीतही प्रकाश मुख्यतः तापलेल्या काजळीच्या कणांचाच असतो. मायकेल फॅरडे याने १८६०-६१ च्या नाताळात मेणबत्तीवर मुलांपुढे जी व्याख्याने दिली, त्यांत ही गोष्ट प्रयोगाने दाखवली होती. तापलेल्या घन पदार्थाचा वर्णपट सलग असतो. त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत एकही रंग गाळलेला नसतो. तापमान कमी असेल तर निळा भाग क्षीण होतो, इतकेच. म्हणजे अग्नीचा शोध लागल्यापासून माणसाने जे दिवे लावले, त्यांच्यात रंगांची गळती जवळजवळ नव्हती. ती सुरू झाली वायूतून वीज सोडून प्रकाश मिळवू लागल्यावर. पीटर कूपर ह्यूइट याने १९०१ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट घेतले. हा दिवा तंतूच्या दिव्याहून काटकसरी होता, पण त्याच्या प्रकाशात लाल जवळजवळ नसल्याने माणसांचे चेहरे प्रेतासारखे दिसत. १९३० च्या दशकात रस्त्यांवर आलेल्या सोडियमच्या दिव्याखाली तर पिवळ्याखेरीज रंगच उरत नसे. १९३८ मध्ये ट्यूबलाइट बाजारात आल्यावर हा प्रश्न दुकानांत, कार्यालयांत आणि रुग्णालयांत शिरला.

मग रंग किती बरोबर दिसतात हे मोजायचे कसे? आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाने १९६५ मध्ये एक पद्धत ठरवली आणि १९७४ मध्ये ती सुधारली. ठरावीक आठ रंगांचे नमुने घ्यायचे. ते तपासायच्या दिव्याखाली कसे दिसतात आणि त्याच रंगछटेच्या आदर्श प्रकाशात कसे दिसतात, यांतला फरक गणिताने काढायचा आणि त्यांची सरासरी शंभरातून वजा करायची. हाच रंगदर्शन निर्देशांक, खोक्यावर 'सीआरआय' म्हणून छापतात तो. त्या काळच्या पिवळसर ट्यूबलाइटला सुमारे ५० गुण पडावेत अशा बेताने ही मोजपट्टी आखली होती.

या मोजपट्टीत दोन खोड्या आहेत आणि शिक्षकांनी त्या मुद्दाम लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की तंतूच्या दिव्याला व्याख्येनेच जवळजवळ १०० गुण मिळतात, कारण त्याची तुलना त्याच्याच जातीच्या प्रकाशाशी होते. तरीही जुन्या विजेरीच्या उजेडात गडद निळा आणि काळा मोजा ओळखणे कठीण जाते. तेव्हा १०० गुण म्हणजे दिवसाचा उजेड नव्हे. दुसरी खोड अधिक गंभीर आहे. ते आठही नमुने फिकट रंगांचे आहेत. गडद लाल हा नववा नमुना आहे, पण सरासरीत त्याला स्थान नाही. ८० गुणांनी सुखाने उत्तीर्ण झालेला दिवा या नवव्या विषयात शून्याच्या आसपास असू शकतो! आमच्या मते ज्या गुणपत्रिकेत नापास विषय छापलेलाच नसतो, तिच्यावर फार विसंबू नये. या उणिवांमुळेच २०१५ नंतर ९९ नमुन्यांची नवी पद्धत पुढे आली. खोक्यांवर मात्र अजून जुनाच आकडा दिसतो.

एवढे होत असताना विजेरी बाजूलाच राहिली होती. तिच्यात तंतूच होता आणि तोही शंभर वर्षे. वाईट रंग दाखवणारी विजेरी बाजारात मिळतच नव्हती, म्हणून रंगाचा प्रश्न कोणी विचारला नाही. ही स्थिती जपानमध्ये बदलली. निचिया कंपनीतील शुजी नाकामुरा यांनी तयार केलेला प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये जाहीर झाला. १९९६ मध्ये त्याच कंपनीने त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा एलईडी विक्रीस आणला. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. पण हा पांढरा रंग म्हणजे निळ्या आणि पिवळ्याची बेरीज. ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा उंच सुळका, मग हिरवट-निळ्याशी खळगा, नंतर पिवळ्याचा पसरट डोंगर आणि त्यापुढे उतरणीला लागलेला लाल. साध्या विजेरीतल्या एलईडीला ७० च्या आसपास गुण मिळतात.

लाल गेला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. रात्री रुग्णाकडे विजेरी घेऊन जाणाऱ्या परिचारिकेला विचारावे. रक्तात प्राणवायू कमी पडला की ओठ निळसर होतात. प्राणवायू घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ६६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे गडद लालात, फार ठळक असतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये लाल दिवा असतो तो याच तरंगलांबीचा. तेवढा पट्टाच क्षीण असेल, तर निरोगी ओठही मलूल दिसतात आणि निळसर ओठांशी त्यांचा भेद पुसट होतो. म्हणूनच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९७ मध्ये रुग्णालयांतील दिव्यांसाठी या निळसरपणापुरता स्वतंत्र निर्देशांक घालून दिला. विजेरीला मात्र असा नियम कोणी लावल्याचे दिसत नाही.

उपाय अवघड नाही. फॉस्फरच्या मिश्रणात लाल देणारा घटक घातला की ९० किंवा त्याहून अधिक गुणांचा एलईडी बनतो. असे एलईडी मिळतात आणि हौशी लोक ते शोधून घेतातही. पण आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सर्वाधिक संवेदनशील आहे. तेवढीच वीज गडद लालावर खर्च केली तर डोळ्याला उजेड कमी वाटतो आणि खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा घटतो. बाजारात आकडा विकला जातो, म्हणून लाल मागे पडतो.

वर्गात हे दाखवायला एक जुनी सीडी पुरते. खोलीत अंधार करून एलईडी विजेरीचा प्रकाश सीडीवर तिरका पाडावा आणि परतून आलेला पट्टा पांढऱ्या कागदावर घ्यावा. निळ्यानंतरचा खळगा आणि लालाची उतरण मुलांना स्पष्ट दिसते. तंतूच्या दिव्याची जुनी विजेरी मिळाली तर शेजारी तिचाही पट्टा घ्यावा. मग दोन्ही विजेऱ्यांखाली बीट, टोमॅटो, कुंकू आणि आपला तळहात पाहावा. विजेरी कोणाच्याही डोळ्यांवर रोखायची नाही, हे आधी सांगून ठेवावे.

विकत घ्यायची तर आमची निवड साधी असेल. खिशात मावणारी, एकच बटण असलेली आणि एका पेन्सिल सेलवर चालणारी. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि सेल दीडच देतो, म्हणून आत व्होल्टता वाढवणारे छोटे मंडल असते. पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेलही त्यात चालतो. घरात, गोठ्यात किंवा रुग्णाजवळ शंभर ल्युमेन भरपूर झाले. हजाराचा आकडा पाहून भुलू नये. सीआरआय ९० च्या वर आहे का ते वाचावे आणि नवव्या नमुन्याचा, म्हणजे आर-९ चा, आकडा छापला असेल तर तो ५० च्या वर असावा. काहीच छापलेले नसेल तर दुकानातच विजेरी तळहातावर पाडावी, मग दाराशी येऊन तोच तळहात दिवसाच्या उजेडात पाहावा.