पॉलिमर चलनी नोटा

कापसाच्या कागदाऐवजी पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर छापलेल्या चलनी नोटा. रोजच्या बोलण्यात त्यांना प्लॅस्टिकच्या नोटा म्हणतात. आजच्या स्वरूपातली पहिली पॉलिमर नोट ऑस्ट्रेलियाने १९८८ साली काढली. त्यानंतर न्यूझीलंड, रोमानिया, व्हिएतनाम, कॅनडा, ब्रिटन असे अनेक देश पूर्णपणे किंवा अंशतः या नोटांकडे वळले. काही देश वळून परत कागदावर आले. या बदलाचे कारण सहसा टिकाऊपणा असे दिले जाते, पण त्याचा उगम खोट्या नोटांच्या भीतीत आहे.

ऑस्ट्रेलियाने १४ फेब्रुवारी १९६६ रोजी पौंड सोडून दशमान डॉलर स्वीकारला. नव्या नोटांना वर्ष पुरे होण्याआधीच दहा डॉलरच्या खोट्या नोटा बाजारात आल्या. त्या छापायला कोणतीही दुर्मीळ यंत्रसामग्री लागली नव्हती. जलचिन्ह आणि सुरक्षा धागा असलेल्या, जगातल्या उत्तम समजल्या जाणाऱ्या कागदी नोटेची ही गत झाल्याने तिथल्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी १९६८ मध्ये सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना हाताशी धरले. रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड सॉलोमन यांच्या नेतृत्वाखालील गटाने प्रश्नाची मांडणीच बदलली. छायाचित्रणाची साधने दिवसेंदिवस सुधारणार आणि नुसत्या चित्राची नक्कल होतच राहणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून नोट हलवली की रूप पालटणारे चिन्ह तिच्यात बसवायचे ठरले. असे चिन्ह कागदावर नीट तगत नव्हते, प्लॅस्टिकवर तगत होते. प्लॅस्टिक आले ते या चिन्हाच्या पाठोपाठ.

प्रयोगशाळेतून बाजारात यायला वीस वर्षे लागली. ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीच्या द्विशताब्दीनिमित्त जानेवारी १९८८ मध्ये निघालेल्या दहा डॉलरच्या नोटेवर पारदर्शक खिडकी होती आणि तिच्यात कॅप्टन कुकचे रूप पालटणारे चित्र. पहिल्या छपाईची शाई घासून निघू लागली, तेव्हा सुधारित नोट काढावी लागली. पुढे १९९२ ते १९९६ या काळात पाचपासून शंभरपर्यंतच्या सर्व नोटा पॉलिमरच्या झाल्या आणि संपूर्ण चलन प्लॅस्टिकवर नेणारा ऑस्ट्रेलिया हा पहिला देश ठरला.

त्याआधी हैती, कोस्टारिका आणि आइल ऑफ मॅन इथे १९८० च्या दशकाच्या आरंभी टायव्हेक या कृत्रिम तंतूंच्या पटावर नोटा छापून पाहिल्या होत्या. शाई पसरत असे, अक्षरे पुसत. ते प्रयोग लवकरच गुंडाळले गेले.

पॉलिमर नोटेसाठी पॉलिप्रोपिलीनचे दाणे वितळवून त्यांचे पटल काढतात आणि ते लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांना ताणतात. ब्रिटनमधील विग्टन येथील कारखान्यात वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड फुग्यासारखे फुगवून पटल तयार होते. ते काचेसारखे आरपार दिसणारे असते. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या अपारदर्शक शाईचे थर देतात. खिडकीची जागा तेवढी कोरी सोडतात. मग नेहमीची ऑफसेट छपाई, बोटाला जाणवणारी उठावाची छपाई, क्रमांक आणि शेवटी वॉर्निशचा लेप. कागदी नोटेत जलचिन्ह कागद बनतानाच लगद्यात उमटते. इथे खिडकी पटलाच्या पारदर्शकतेतूनच निघते. साध्या छपाई यंत्रावर किंवा रंगीत झेरॉक्सवर ती साधत नाही. ऑस्ट्रेलियात प्लॅस्टिकवरच्या खोट्या नोटाही सापडल्या आहेत, म्हणून तिथल्या बँकेने २०१६ पासून नोटांची नवी मालिका काढली. कॅनडाचे उदाहरण आणखी बोलके आहे. २००४ मध्ये तिथे दर दहा लाख नोटांमागे सुमारे ४७० खोट्या निघत होत्या. पॉलिमर नोटा आल्या २०११ च्या नोव्हेंबरात, पण कागदी नोटांतच सुधारणा करून आणि पोलिसांचा पाठपुरावा वाढवून हे प्रमाण त्याआधीच खूप खाली आणले गेले होते. या यशाचे सगळे श्रेय प्लॅस्टिकला देणे चूक आहे.

टिकण्याच्या बाबतीत मात्र पॉलिमर नोट सरस आहे. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ कॅनडा या दोन्ही मध्यवर्ती बँकांच्या मते ती कागदी नोटेच्या किमान अडीचपट टिकते. ती घाम, तेल, पाणी शोषत नाही. खिशात राहून धुतली गेली तरी बिघडत नाही. छापायला महाग, पण क्वचित बदलावी लागत असल्याने एकूण हिशेबात स्वस्त. कॅनडाच्या बँकेने केलेल्या जीवनचक्र अभ्यासात हवामानावरील परिणाम ३२ टक्क्यांनी आणि ऊर्जेची गरज ३० टक्क्यांनी कमी आढळली. जीर्ण नोटांचे तुकडे वितळवून त्यांच्यापासून कुंड्या आणि नळाचे सुटे भाग बनवता येतात. उणिवाही आहेत. कडक इस्त्री लागली तर नोट आकसते. घडी नीट बसत नाही. कडेला चीर पडली की ती झरकन फाटत जाते. नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात, आणि मोजणीयंत्रे व एटीएम नव्याने जुळवून घ्यावी लागतात.

ब्रिटनमध्ये १३ सप्टेंबर २०१६ रोजी चर्चिलचे चित्र असलेली पाच पौंडांची नोट आली आणि अडीच महिन्यांतच एक वेगळा वाद उभा राहिला. पटलाच्या दाण्यांमध्ये प्राण्यांच्या चरबीपासून बनलेल्या घटकाचा अत्यल्प अंश असल्याचे बँक ऑफ इंग्लंडने मान्य केले. शाकाहारी, व्हीगन, हिंदू, जैन आणि शीख नागरिकांनी आक्षेप घेतला. विनंतीअर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. काही मंदिरांनी ही नोट दानात न घेण्याचा विचार मांडला. बँकेने जनमत मागवले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोक प्राणिज घटकाच्या विरोधात होते. पण पर्याय म्हणून पुढे आलेल्या पामतेलावर पर्यावरणाचे आक्षेप होते. ऑगस्ट २०१७ मध्ये बँकेने आहे तेच पटल चालू ठेवायचे ठरवले. नोट ही अशी वस्तू आहे की ती नाकारण्याचा अधिकार सामान्य माणसाला व्यवहारात उरत नाही. म्हणूनच तिच्यात काय घालतात हे छपाईआधी सांगणे हे बँकेचे कर्तव्य होते, आणि ते पार पाडले गेले नाही.

फिलिपिन्समध्ये वाद शेतीचा होता. तिथल्या कागदी नोटांत ८० टक्के कापूस आणि २० टक्के अबाका, म्हणजे केळीच्या कुळातील एका झाडाचा चिवट तंतू असे. एप्रिल २०२२ मध्ये हजार पेसोंची पॉलिमर नोट आली तेव्हा अबाका पिकवणाऱ्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न निघाला. नायजेरियाने २००७ पासून कमी किमतीच्या नोटा पॉलिमरवर आणल्या, पण रंग उडू लागल्याने २०१३ मध्ये कागदाकडे परतण्याचे जाहीर केले. इंडोनेशियाची १९९९ ची एक लाख रुपियांची पॉलिमर नोटही पुढे कागदी झाली. अमेरिका कापूस आणि लिननच्या मिश्रणावर, तर युरोपीय मध्यवर्ती बँक शुद्ध कापसावर ठाम आहे.

भारताच्या शेजारी श्रीलंकेने १९९८ मध्ये २०० रुपयांची, बांगलादेशाने २००० मध्ये दहा टक्यांची आणि नेपाळने २००२ मध्ये दहा रुपयांची पॉलिमर नोट काढली. भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की दहा रुपयांच्या १०० कोटी प्लॅस्टिक नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, शिमला आणि भुवनेश्वर या हवामानाने भिन्न असलेल्या पाच शहरांत चाचणीसाठी आणल्या जातील. ही योजना पुढे सरकली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्येही प्लॅस्टिक नोटा आणण्याचा निर्णय झालेला नाही, असेच उत्तर संसदेत मिळाले. दरम्यान रिझर्व्ह बँकेने शंभराच्या नोटेला वॉर्निशचा लेप देऊन पाहण्याचा मार्ग अवलंबला.

आपल्याकडे नोटा नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथे छापल्या जातात. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये हे काम १९२८ पासून चालू आहे. त्याआधी भारताच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. २०२४-२५ या वर्षात नोटांच्या छपाईवर रिझर्व्ह बँकेने ६,३०० कोटी रुपयांहून अधिक खर्च केले. नोट लवकर मरते त्यात आपल्या सवयींचाही वाटा आहे. पुडक्यांना टाचणी मारू नये असा आदेश बँकेला २००१ मध्ये काढावा लागला, आणि दहाचे नाणे कायदेशीर असूनही ते न घेण्याचा हट्ट इतका पसरला की २०१८ मध्ये बँकेला त्यावरही खुलासा करावा लागला.

पाचशेची नोट तुलनेने जपून हाताळली जाते. दहा-वीसची नोट मात्र भाजीवाल्याच्या ओल्या हातातून, रिक्षावाल्याच्या खिशातून, कंडक्टरच्या पिशवीतून दिवसभर फिरते. पॉलिमरचा खरा उपयोग असेल तर तो याच नोटांना आहे. जाहीर केलेली पाच शहरांची चाचणी प्रत्यक्षात घ्यावी, पटलात वापरलेल्या प्रत्येक घटकाची माहिती आधीच द्यावी, आणि निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते लोकांसमोर ठेवावेत.