ठिणगीपासून विस्तव : चकमकीची निवड आणि वापर

सह्याद्रीतील पावसाळी भटकंतीत काडेपेटी सर्वांत आधी दगा देते. काडीवरील गूल आणि पेटीच्या कडेचा पट्टा एकदा ओलावला की दोन्ही निरुपयोगी ठरतात. चिंब भिजून वाऱ्यात अडकलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. अशा वेळी पाण्यात बुडाले तरी पुसून लगेच वापरता येईल, असे साधन म्हणजे ठिणगी पाडणारी कांडी.

तत्त्व जुन्या चकमकीचेच आहे. गारगोटीच्या धारदार कडेवर कडक पोलाद घासले की त्याचे सूक्ष्म कण खरवडले जातात आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पेटतात. ठिणगी दगडाची नसून पोलादाची असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक आढळत असल्याने इकडे दगडाची वाण नाही. मात्र ही ठिणगी क्षीण असते. ती झेलण्यासाठी बंद डबीत भाजून कोळशासारखी काळी केलेली सुती चिंधी लागते, आणि ती चिंधी कोरडी राखणे हेच मोठे काम होऊन बसते.

आजची कांडी फेरोसेरियम या मिश्रधातूची असते. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये तिचे पेटंट घेतले. सेरियम कमी तापमानाला पेट घेत असल्याने तिच्या ठिणग्या पोलादाच्या ठिणग्यांहून कितीतरी प्रखर असतात. सिगारेटच्या लायटरमधील खडा याच धातूचा; म्हणून गॅस संपलेला लायटरही फेकून देऊ नये.

निवडताना कांडी बोटाएवढी जाड आणि मुठीत धरता येईल इतकी लांब घ्यावी. बारीक कांडी जोर पडताच तुटते. सोबतच्या खरवडपट्टीची कड काटकोनी व तीक्ष्ण हवी. सुरीच्या पाठीची कड तशी असेल तर तीही चालते, पाते मात्र वापरू नये. कांडीवरील काळा रंग आधी खरवडून काढावा, अन्यथा ठिणगीच पडत नाही. नवखे लोक पट्टी जोराने पुढे रेटतात आणि रचलेले पेटवण उधळून लावतात. पट्टी पेटवणाजवळ स्थिर धरून कांडी मागे ओढावी.

खरी परीक्षा पेटवणाची. व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा घट्ट डबीत न्यावा. तो पिंजून धरल्यास एका ठिणगीत पेटतो आणि काही मिनिटे जळतो. नारळाच्या सोडणाचा कोरडा, कुस्करलेला काथ्याही उपयोगी. त्यावर काडीएवढ्या, मग बोटाएवढ्या काटक्या चढवाव्यात. पावसात जमिनीवरचे सरपण उचलू नये. झाडावर अडकलेली वाळकी फांदी फोडली की आत कोरडा गाभा मिळतो.

उन्हाळ्यात हेच साधन घातक ठरते. वाळलेल्या गवतावर पडलेल्या एका ठिणगीने डोंगर वणव्यात सापडतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव वनात विनापरवानगी विस्तव पेटवणे गुन्हा आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत उघडी कांडी गंजून भुसभुशीत होते. वापरानंतर ती पुसून तेलाचे बोट फिरवून ठेवावी.